गिटार ॲम्पच्या ट्यूब बदलणं आणि बायस लावणं

ट्यूब ॲम्प कुरकुरायला लागला की पहिला संशय पॉवर ट्यूबवर जातो आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. खरखर, शिट्टी, एखाद्या स्वरावर होणारी झणझण यांचं मूळ बऱ्याचदा छोट्या प्रीॲम्प ट्यूबमध्ये सापडतं. ती बदलायला बायस (शांत अवस्थेत पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणारी जुळणी) लागत नाही, मीटरही लागत नाही. म्हणून महागडी जोडी मागवण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा.

पुढचं सगळं फेंडर हॉट रॉड डिलक्स समोर ठेवून लिहिलं आहे. ४० वॅट, तीन १२एएक्स७ (छोट्या प्रीॲम्प ट्यूब) आणि दोन ६एल६ (पॉवर ट्यूब). दुसऱ्या ॲम्पला आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी दोषी ट्यूब शोधा

गिटार न जोडता ॲम्प चालू करा, व्हॉल्यूम मध्यम ठेवा आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेका छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी मारा. मागून पाहताना सगळ्यात उजवीकडची ट्यूब इनपुटची असते. तिच्यापुढे अख्ख्या ॲम्पचा गेन (आवाज मोठा करण्याची ताकद) असल्यामुळे ती थोडी टकटकणारच. आवाज रेंगाळला, घुमला किंवा कर्र झाला तर मात्र ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्क्याचाच आवाज करू लागली आहे. ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर तिथे चांगली १२एएक्स७ लावून पाहा. ईसीसी८३ असं छापलेलं असेल तरी चालेल, ट्यूब तीच. सरळ खाली ओढा, हलवायची तर अगदी थोडी, गोलाकार. एका बाजूला कलवली की पिनेपाशी काच तडकते. काढलेली ट्यूब फेकू नका. पॉवर ट्यूबला लागून असलेल्या तिसऱ्या, फेज इन्व्हर्टरच्या (दोन पॉवर ट्यूबना एकमेकींच्या उलट सिग्नल देणाऱ्या ट्यूबच्या) जागी तीच ट्यूब अनेकदा निमूट चालते, कारण तिच्यानंतर गेन फारसा उरत नाही.

पॉवर ट्यूब म्हातारी झाली की आवाज बसतो, खर्ज ढिला पडतो, घरघर वाढते. टोकाला गेली तर फ्यूज उडतो. काचेवरचा चकचकीत चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली. काचेच्या आतल्या अंगावर दिसणारा निळा प्रकाश निरुपद्रवी असतो, त्याला घाबरून चांगल्या ट्यूब काढणारे पुष्कळ आहेत. आतल्या भागांच्या मधोमध गुलाबी-जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत गॅस झाला आहे.

कुठली ट्यूब, आणि बायस लागतो का

व्हॉक्स एसी३० किंवा फेंडर चॅम्प हे कॅथोड बायसचे ॲम्प आहेत, म्हणजे ट्यूब आपला बायस आपणच सांभाळते. जुळलेल्या ट्यूब लावा (चॅम्पमध्ये एकच असते) आणि वाजवा, फिरवायला काही नाही. फेंडर ब्लूज ज्युनिअरमध्ये बायस फिक्स्ड (वेगळ्या उणे व्होल्टेजने दिलेला) आहे, पण तो बदलायचा प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर, दिलेलाच नाही. तिथे जोडी लावल्यावर करंट मोजून खात्री करावी. हॉट रॉड डिलक्स, ट्विन रिव्हर्ब, मार्शल जेसीएम८०० यांत प्रीसेट आहे आणि नवी जोडी लावली की तो तपासावाच लागतो.

६एल६च्या जागी ६एल६च. ईएल३४ ही दुसऱ्या जातीची पॉवर ट्यूब त्याच सॉकेटमध्ये बसते, पण तिचा हीटर १.५ अँपिअर ओढतो, ६एल६चा ०.९. ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बनवलेला नसतो. शिवाय ईएल३४ची पिन १ ही पिन ८ला जोडलेली लागते. फेंडरच्या बऱ्याच ॲम्पमध्ये पिन १ हा रेझिस्टर टेकवायचा रिकामा खुंट म्हणून वापरलेला असतो. जोडी घेताना करंट जुळवलेली घ्या. दोघींत ५ मिलिॲम्पिअरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असला की घरघर वाढते आणि एक ट्यूब दुसरीच्या आधी मरते. जुन्या बाजारात भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या, म्हणजे बीईएलच्या, ईसीसी८३ आणि ईएल८४ कधीकधी मिळतात. चांगल्या असतात, पण लावून, वाजवून, टिचकी मारून मगच पैसे द्यावेत. डबा नवा दिसतो म्हणून आतली ट्यूबही नवी असेल असं नाही.

जिवाशी खेळ होऊ नये म्हणून

आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतो. घरातल्या २३० व्होल्टच्या झटक्याची सवय असलेल्यांनी याला हलक्यात घेऊ नये. प्लग भिंतीतून काढा. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेली वायर आणि क्रोकोडाइल क्लिप असं साधन करून ठेवा. एक क्लिप चॅसिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावा, दुसरं टोक प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हवर दहा-पंधरा सेकंद धरा आणि मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची पद्धत सोडून द्या. त्यात कपॅसिटर आणि सर्किट बोर्ड दोन्ही दुखावतात.

ॲम्प चालू ठेवून मोजताना पायात रबरी चप्पल, एक हात खिशात, अंगठी आणि घड्याळ बाजूला. मीटर आणि त्याचे प्रोब किमान ६०० व्होल्टचे, शक्यतो १००० व्होल्टचे हवेत. थ्री-पिनची अर्थिंग पिन कापलेला ॲम्प तर उघडूच नका, आधी अर्थिंग नीट करून घ्या. आणि स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करायचा नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर ट्यूबच्या जोडीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

ट्यूब लावण्याआधीची तपासणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नव्या ट्यूब इथेच जळतात. जुनी ट्यूब शॉर्ट होऊन गेली असेल तर तिने जाताना तिच्या स्क्रीनच्या (ट्यूबमधल्या एका जाळीच्या) पिनेला जोडलेला स्क्रीन रेझिस्टर भाजलेला असू शकतो. डिस्चार्ज केल्यावर तो मोजा. फेंडरमध्ये सहसा ४७० ओहम असतो, जेसीएम८००मध्ये १ किलोओहम, ५ वॅट. किंमत खूप वाढलेली किंवा अंग काळवंडलेलं दिसलं तर बदला. उडालेल्या फ्यूजच्या जागी छापलेल्या आकड्याचाच फ्यूज लावा, तार गुंडाळणं नको.

आता पॉवर ट्यूबशिवाय, स्टँडबाय स्विच स्टँडबायवरच ठेवून ॲम्प चालू करा. स्टँडबाय काढू नका. ट्यूब नसताना हाय टेन्शनवर (४०० व्होल्टच्या त्या डीसी सप्लायवर) भार नसतो आणि व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतं. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब चॅसिसला, लाल प्रोब सॉकेटच्या पिन ५मध्ये, बायसचं व्होल्टेज तिथेच येतं. सोल्डरच्या बाजूने पाहाल तर खाचेपासून पिना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या, ट्यूब घुसते त्या बाजूने पाहाल तर उलट दिशेने. इथे चूक झाली तर प्रोब पिन ३ (प्लेट) किंवा ४वर (स्क्रीन) जातो, आणि स्टँडबाय असला तरी त्या पिनांना मेलेल्या समजू नये.

६एल६च्या सॉकेटवर साधारण उणे ४५ ते उणे ५५ व्होल्ट दिसायला हवेत, दोन्ही सॉकेटवर जवळजवळ सारखे. एकावर शून्य आलं तर त्या सॉकेटकडे जाणारा रेझिस्टर किंवा सोल्डर तुटला आहे. दोन्हीवर शून्य आलं तर बायस सप्लायच गेला आहे, त्यातला कपॅसिटर, डायोड किंवा प्रीसेट. अशा अवस्थेत ट्यूब लावली की मिनिटभरात प्लेट (ट्यूबमधला धातूचा बाहेरचा पत्रा) लाल होते. सगळं ठीक असेल तर प्रीसेट हळूहळू फिरवून आकडा जास्तीत जास्त उणे होईल तिथे ठेवा. ही सगळ्यात थंड बाजू, नव्या ट्यूबची सुरुवात इथूनच करायची.

ॲम्प बंद करा, पुन्हा डिस्चार्ज करा, ट्यूब बसवा. मधल्या प्लॅस्टिकच्या खुंटीची धार सॉकेटच्या खाचेत बसली पाहिजे. खुंटी तुटलेली ट्यूब वापरू नका, ती उलटी बसली तर हाय टेन्शन भलत्याच पिनेवर जातं. सॉकेट सैल वाटलं तर आतली पाती बारीक सुईने किंचित आवळा.

आकडा किती हवा

इंटरनेटवर फिरणारा एखादा आकडा उचलून बायस लावू नये. आकडा तुमच्या ॲम्पच्या प्लेट व्होल्टेजवरून काढायचा असतो. ट्यूबची कमाल प्लेट डिसिपेशन मर्यादा (प्लेट किती वॅट उष्णता सोसू शकते) अशी: ६एल६जीसी ३० वॅट, ईएल३४ २५ वॅट, ६व्ही६जीटी १२ वॅट. क्लास एबी ॲम्पमध्ये (हॉट रॉड डिलक्स याच प्रकारचा) शांत अवस्थेत याच्या ७० टक्क्यांपर्यंत जाता येतं. म्हणजे कमाल वॅट गुणिले ०.७, भागिले प्लेट व्होल्टेज.

समजा प्लेटवर ४२० व्होल्ट आले. ३० गुणिले ०.७ म्हणजे २१ वॅट, भागिले ४२०, म्हणजे एका ट्यूबला ५० मिलिॲम्पिअर. ४६० व्होल्टच्या जेसीएम८००मध्ये ईएल३४ला ३८ येतात, ४१५ व्होल्टच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६ला जेमतेम २०. पण ७० टक्के ही मर्यादा आहे, गाठायचं ठिकाण नव्हे.

हॉट रॉड डिलक्समध्ये दोन्ही ट्यूबचे कॅथोड एकाच १ ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला जातात आणि तिथे टीपी३० नावाचा टेस्ट पॉइंट आहे. १ ओहम असल्यामुळे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर, मात्र दोन्ही ट्यूबचे मिळून. फेंडरचा आकडा ६० मिलिव्होल्ट, म्हणजे ट्यूबमागे ३०. वरच्या ४२० व्होल्टवर हे ४२ टक्केच झाले, थोडं थंड. ७० मिलिव्होल्टला ट्यूबमागे ३५ मिलिॲम्पिअर, म्हणजे साधारण ४९ टक्के होतात. आवाज भरतो आणि ट्यूबही टिकते, त्यामुळे आमची पसंती तिथेच. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीनचे थोडे मिलिॲम्पिअरही मोजले जातात, त्यामुळे प्लेटवरचा खरा भार हिशेबापेक्षा किंचित कमीच असतो.

लावायची रीत

१. स्पीकर जोडलेला, गिटार काढलेली, सगळे व्हॉल्यूम शून्यावर. ॲम्प बंद असतानाच मीटरच्या क्लिपा टीपी३० आणि चॅसिसला लावा, म्हणजे नंतर हात आत घालावा लागणार नाही. मीटर डीसी मिलिव्होल्टवर.

२. पॉवर चालू, दोन मिनिटांनी स्टँडबाय काढा. पहिला मिनिट मीटरकडे नाही, ट्यूबकडे बघा. प्लेट लाल दिसली की तत्क्षणी बंद.

३. प्रीसेट इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने अगदी थोडा थोडा फिरवत ६०वर आणा. पंधरा मिनिटं थांबा. आकडा सरकेल. मग प्लेट व्होल्टेज (पिन ३) मोजा, हिशेब करा आणि शेवटचा आकडा लावा. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज खाली येतं, म्हणून दोन्ही एकदा पुन्हा तपासा.

टीपी३० बेरीज दाखवतो, वाटणी नाही. ४५ आणि २५ असले तरी ७०च दिसणार. वाटणी पाहायची तर ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसणारे बायस प्रोब घ्या, त्यावर प्लेट व्होल्टेजही मिळतं. टेस्ट पॉइंट नसलेल्या ॲम्पमध्ये प्रत्येक ट्यूबच्या पिन ८ आणि जमिनीच्या मध्ये १ ओहम, १ टक्का, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून घेतला की काम सोपं होतं.

एकच प्लेट लाल होत असेल तर बंद करून, थंड झाल्यावर दोन ट्यूबची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर पिन ५कडे येणारा ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला जोड), सैल पाती किंवा गळणारा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या ट्यूबचा सिग्नल पिन ५कडे नेणारा) शोधा. दोन्ही लाल म्हणजे बायस सप्लाय. उलट, स्वर विरताना फरफर ऐकू येत असेल तर बायस फार थंड आहे.

मेन्सचा हिशेब

२३० व्होल्टला प्लेटवर ४२० असतील तर मेन्स २४५ झाल्यावर ते ४४७च्या आसपास जातात. जिथे लाइट दुपारी वर आणि संध्याकाळी खाली असते तिथे ७० टक्क्यांवर लावलेला ॲम्प एखाद्या दुपारी मर्यादेबाहेर जाईल. म्हणून बायस लावताना मेन्सही मोजा, आणि साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहा. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचाच नाही. तो ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या मागे छापलेल्या वॅटच्या किमान दीडपट घ्या.

बायस लावून झाला की अर्धा तास जोरात वाजवा आणि पुन्हा मोजा. नव्या ट्यूब पहिल्या काही दिवसांत आकडा बदलतात, तेव्हा थोडं वाजवून झाल्यावर आणखी एकदा तपासणी करा. जुनी जोडी ठीक चालत असेल तर तिचे मिलिॲम्पिअर डब्यावर लिहून गिगच्या पिशवीत टाका.