घरच्या बॅकअपसाठी एसएसडी आणि केसिंग निवडताना

बॅकअपसाठीचा ड्राइव्ह आयुष्यातला बहुतेक काळ कपाटात पडून असतो आणि ज्या एका दिवशी त्याची खरी गरज लागते, त्या दिवशी तो चालावाच लागतो. व्हिडिओ संपादनासाठी किंवा गेम साठवण्यासाठी ड्राइव्ह घेताना जो हिशोब मांडला जातो, तो त्यामुळे येथे उपयोगाचा नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला वेग बॅकअपच्या दृष्टीने दुय्यम आहे. तासभर सलग लिहीत असताना जोडणी मध्येच तुटू नये, ड्राइव्ह फार तापू नये आणि ज्या पेटीत ड्राइव्ह बसवून तो यूएसबीने संगणकाला जोडतात, ती बाहेरची पेटी बिघडली तरी आतला डेटा हाती राहावा, या तीन गोष्टींसाठी पैसे मोजावेत असे माझे मत आहे. या पेटीला तांत्रिक लेखनात एन्क्लोजर म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मात्र ‘केसिंग’ म्हणूनच मागावे, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, तो म्हणजे एसएसडीच, म्हणजे मेमरी चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्हच का. तेवढ्याच क्षमतेची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बरीच स्वस्त पडते आणि एकाच जागी ठेवायच्या बॅकअपला ती आजही पुरेशी आहे. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ती टेबलावरून पडली तरी सहसा टिकते, आवाज करत नाही आणि खिशात मावते. ज्यांना बॅकअप घेऊन गावी जायचे असते किंवा ज्यांच्या घरात लहान मुले आहेत, त्यांना हा फरक मोलाचा वाटेल. उलट बाजूही लक्षात ठेवावी. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बहुधा खडखडाट करून किंवा मंदावून सूचना देते, तर एसएसडी अचानक पूर्ण बंद पडू शकते आणि तिच्यातून डेटा परत मिळवणे अवघड असते. म्हणून शक्य असेल तर एक प्रत एसएसडीवर आणि दुसरी हार्ड डिस्कवर ठेवावी.

क्षमता ठरवताना संगणकात आज किती जागा व्यापली आहे ते पाहावे आणि किमान त्याच्या दुप्पट क्षमता घ्यावी, कारण बॅकअप म्हणजे केवळ आजची प्रत नसून फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही त्यात साठत जातात. टाइम मशीन या मॅकमधल्या बॅकअपच्या सोयीसाठी ॲपल मॅकच्या एकूण साठवणीच्या दुप्पट जागा सुचवते. ५१२ जीबीच्या लॅपटॉपला १ टीबी हा त्यामुळे योग्य जोड आहे, पण फोनमधले फोटोही त्यातच ठेवायचे असतील तर २ टीबीचा विचार करावा. १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवते, त्यात फसवणूक नाही. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या.

आता ड्राइव्हच्या प्रकाराकडे वळू. आज दुकानात दोन आकार मिळतात. एक २.५ इंचाचा साटा ड्राइव्ह आणि दुसरा च्युइंगगमच्या पट्टीएवढा एम.२. एम.२ वर लिहिलेला २२८० हा आकडा म्हणजे २२ मिमी रुंदी आणि ८० मिमी लांबी. काही लॅपटॉपमधून निघणारे ड्राइव्ह २२३० म्हणजे केवळ ३० मिमी लांब असतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह वापरायचा असेल तर केसिंगमध्ये त्या लांबीला स्क्रू लावण्याची सोय आहे का, ते आधी पाहावे. सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो की एम.२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटा (जुनी, संथ) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान) या जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धतींचे ड्राइव्ह येतात. सोनेरी दातांच्या कडेला दोन खाचा असतील तर तो बहुधा साटा आणि एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, पण खात्रीसाठी लेबल वाचावे. फक्त एनव्हीएमईसाठी बनवलेल्या केसिंगमध्ये साटा ड्राइव्ह ओळखला जात नाही. दोन्ही चालणारे केसिंग हवे असेल तर आत रिअलटेकची आरटीएल ९२१० बी ही चिप आहे का, असे विचारावे.

वेगाचा हिशोब एकदा कागदावर करून पाहिला की अनावश्यक खर्च आपोआप टळतो. समजा पहिला पूर्ण बॅकअप ४०० जीबीचा आहे. यूएसबी २.० वर सेकंदाला सुमारे ४० एमबी मिळतात, म्हणजे पावणेतीन तास लागतील. यूएसबी ३.२ जेन १, म्हणजे ५ जीबीपीएसच्या (सेकंदाला ५ गिगाबिट) जोडणीवर सेकंदाला सुमारे ४०० एमबी मिळाले तर १७ मिनिटे, आणि जेन २, म्हणजे १० जीबीपीएसवर १,००० एमबी मिळाले तर ७ मिनिटे. प्रत्यक्षात हजारो लहान फाइलींमुळे यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. शिवाय हे एकदाच करायचे असते, कारण त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइली लिहिल्या जातात आणि त्या काही जीबींच्या वर क्वचितच जातात. १० जीबीपीएसचे केसिंग घरासाठी पुरेसे आहे. २० जीबीपीएसची जेन २×२ ही पद्धत बहुतेक मॅक ओळखत नाहीत, ते १० वरच चालतात, आणि ४० जीबीपीएसची महाग यूएसबी ४ केसिंग बॅकअपसाठी घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खोक्यावर न छापलेला वेग मात्र पाहावाच लागतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये क्यूएलसी प्रकारची मेमरी असते, जिच्या प्रत्येक पेशीत चार बिट साठवले जातात. टीएलसीमध्ये तीन साठवले जातात. दोन्हींत सुरुवातीचे काही जीबी वेगवान तात्पुरत्या जागेत लिहिले जातात आणि ती भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबी क्यूएलसी ड्राइव्हची ही तात्पुरती जागा ४२ जीबीची असून त्यानंतर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीपर्यंत उतरतो, असे उत्पादकच सांगतो. आपल्या ४०० जीबीच्या उदाहरणात उरलेले ३५८ जीबी लिहायला सव्वा तास लागेल, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षाही जास्त. फरक थोड्याशा पैशांचा असेल तर टीएलसीच घ्यावा. टीबीडब्ल्यू म्हणजे हमीच्या काळात किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला तो साधारण ६०० असतो. घरगुती बॅकअपमध्ये आपण त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, म्हणून त्यावर फार विचार करू नये. ३ वर्षांऐवजी ५ वर्षांची हमी मिळते का, हे अधिक महत्त्वाचे.

केसिंग ही गोष्ट लोक सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्त घेतात, आणि माझ्या अनुभवात त्रास नेमका तिथूनच सुरू होतो. माझ्या पहिल्या केसिंगचा बाह्य भाग प्लॅस्टिकचा होता. लहान फाइली व्यवस्थित जात, पण मोठा बॅकअप सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांनी ड्राइव्ह संगणकावरून दिसेनासा होई, आणि मी तीन आठवडे ड्राइव्हलाच दोष देत राहिलो. तोच ड्राइव्ह ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये घातल्यावर आजतागायत एकदाही तुटलेला नाही. एनव्हीएमई ड्राइव्ह सलग लिहिताना चांगलाच तापतो आणि ती उष्णता बाहेर नेण्याचे काम धातूचे आवरण करते. ड्राइव्ह आणि आवरण यांच्यामध्ये मऊ थर्मल पॅड बसवावा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंची पातळ प्लॅस्टिकची पापुद्री काढायला अनेकजण विसरतात, आणि मग पॅड असून नसल्यासारखा होतो. ड्राइव्हवरचे लेबल मात्र काढू नये, हमी जाण्याची शक्यता असते.

जोडणी तुटण्याचे दुसरे कारण वीज. यूएसबी ३ च्या जुन्या चौकोनी पोर्टकडून ५ व्होल्टला ९०० मिलीअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट मिळण्याची हमी असते, तर जोमाने लिहिणारा एनव्हीएमई ड्राइव्ह यापेक्षा जास्त मागू शकतो. तुमच्या लॅपटॉपला फक्त जुनी पोर्ट असतील तर कमी वीज खाणारा २.५ इंचाचा साटा ड्राइव्ह आणि त्याचे साधे केसिंग हा अधिक शहाणा पर्याय आहे. तिसरे कारण केबल. टाइप-सीच्या सर्व केबली बाहेरून सारख्याच दिसतात, पण फोनच्या चार्जरबरोबर येणारी केबल बहुधा यूएसबी २.० च्याच वेगाने डेटा वाहते. केसिंगबरोबर आलेली आखूड केबल वेगळी ठेवावी, तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि तिने फोन चार्ज करू नये. केसिंग यूएएसपी ही यूएसबीवरून डेटा अधिक वेगाने पाठवण्याची पद्धत वापरते का, हेही खोक्यावर पाहून घ्यावे.

तयार पोर्टेबल एसएसडी घ्यावी की सुटा ड्राइव्ह व केसिंग? तयार एसएसडी नीटस असते, पण अनेक मॉडेलमध्ये मेमरी आणि यूएसबीचा भाग एकाच पट्टीवर कायमचा जोडलेला असतो, त्यामुळे पोर्ट मोडले की सगळेच अडकते. सुट्या जोडीत केसिंग मेले तर ड्राइव्ह काढून दुसऱ्यात घालता येतो. मी याच कारणासाठी सुटी जोडी पसंत करतो. काही हजार रुपयांत १६ टीबीची एसएसडी विकायला दिसली तर तिच्याकडे फिरकूही नये. घरगुती एम.२ ड्राइव्हची बाजारातली कमाल क्षमता ८ टीबीच्या आसपास आहे आणि अशा बनावट वस्तूंच्या आत अनेकदा एखादे मेमरी कार्डच सापडते. शंका असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी क्षमता दाखवतात. मी नवा ड्राइव्हदेखील याच चाचणीतून काढतो, कारण तेवढ्यात केसिंग किती तापते आणि केबल टिकते का, हेही कळते.

फॉरमॅट करताना ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत निवडावी लागते. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस निवडावे. मॅकवर बिग सर या मॅकओएस आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून टाइम मशीन एपीएफएस या ॲपलच्या पद्धतीवर चालते. दोन्हींवर वाचता येते म्हणून एक्सफॅट निवडण्याचा मोह होतो, पण त्यात जर्नलिंग (बदलांची आगाऊ नोंद) नाही, म्हणजे लिहिताना वीज गेली किंवा केबल निघाली तर फाइलींची यादीच बिघडण्याचा धोका जास्त असतो. डेस्कटॉपला यूपीएस नसलेल्या घरात हा धोका पत्करू नये. ड्राइव्ह हरवू शकतो, म्हणून तो सांकेतिक (एन्क्रिप्ट) करावा, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय उघडणार नाही असा करावा. मॅकवर टाइम मशीनमध्येच तशी सोय आहे, विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे आणि होम आवृत्तीसाठी व्हेराक्रिप्ट वापरता येते. परवलीचा शब्द आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ड्राइव्हपासून दूर ठेवावी, कारण ती हरवली तर बॅकअप आपल्यालाही उघडणार नाही.

बॅकअप संपला की ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करून काढावा आणि जोडून ठेवू नये. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, शिरले तर ते जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करते. कपाटात ठेवलेली एसएसडी मात्र वर्षानुवर्षे विसरून चालत नाही, कारण तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो अधिक वेगाने गळतो. जेडेक या मानक संस्थेचा घरगुती एसएसडीसाठीचा निकष असा, की लिखाणाची मर्यादा संपलेला ड्राइव्हदेखील ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवू शकला पाहिजे. नवा ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकवतो, पण नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतले पत्र्याचे कपाट ३० अंशांवर राहत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ड्राइव्ह जोडावा, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये त्याची प्रकृती पाहावी आणि दोन-चार जुने फोटो व एखादे मोठे फोल्डर संगणकावर परत उतरवून, उघडून बघावे. त्या दिवसाची तारीख केसिंगवरच्या चिठ्ठीवर लिहावी.