ऑइल पाम लावताय? कोकणातलं रान राखायचं तर या चुका टाळा

ऑइल पाम, म्हणजे तेलताड, हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं झाड. नीट पाणी-खत मिळालं तर हेक्टरी चार टनांच्या आसपास तेल देतं. भुईमूग किंवा मोहरी तेवढ्याच जमिनीत टनभरही तेल क्वचित देतात. तेल एवढं निघतं म्हणून मागणी मोठी, आणि त्यामुळेच त्याचा रानावरचा घावही मोठा आहे. जगातलं सुमारे ८५ टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियात तयार होतं आणि तिथल्या कितीतरी बागा सखल भागातलं सदाहरित जंगल तोडून उभ्या राहिल्या. २००८ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मूळ जंगलातल्या सरासरी १५ टक्केच प्रजाती ऑइल पामच्या मळ्यात आढळल्या होत्या. आपल्या मिझोराममध्ये डम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पक्षी मोजले गेले, तेव्हा झूम (फिरत्या) शेतीच्या रानात आणि सागाच्या लागवडीतसुद्धा ऑइल पामपेक्षा जास्त रानपक्षी मिळाले.

सिंधुदुर्गाला हे पीक नवं नाही. कुडाळ तालुक्यातल्या मुळदे इथे कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर त्याचे प्रयोग झाले आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऑइल पामसाठी ११,०४० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केल्यापासून चर्चा पुन्हा वाढली आहे. खालच्या चुकांपैकी पहिली सर्वांत महाग पडते. ती एकदा झाली की बाकीच्या कितीही सुधारल्या तरी हाती फारसं लागत नाही.

रान किंवा सडा (कातळाचं पठार) पडीक समजून साफ करणं

सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) लिहिलेल्या जमिनीत प्रत्यक्षात काय उभं आहे, ते पायी फिरूनच कळतं. डोंगरउतारावर किंजळ, बेहडा, सातवीण, उंबर, रानजायफळ अशी जुनी झाडं असतील तर ते रान आहे, मग कागदावर काहीही असो. धनेश जाड खोडाच्या ढोलीत घरटं करतो. तशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं जातात. ऑइल पामची बाग २५ ते ३० वर्षांत संपते आणि त्या खोडात त्याला हवी तशी ढोली होत नाही. धनेश गेला की रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळं दूरवर नेणारंही कुणी उरत नाही, म्हणजे शेजारचं न तोडलेलं रानही हळूहळू बदलतं.

जांभ्याचा सडा उन्हाळ्यात करपलेला दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जाऊन पाहा: सीतेची आसवं फुललेली असतात, सुट्या दगडांखाली बेडूक, पाली, फुरसं असतात, खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं वाढत असतात. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरची माती भरली की हे सगळं एका हंगामात संपतं. पीक म्हणूनही हा तोट्याचा धंदा आहे. पामची बहुतेक मुळं वरच्या थरात पसरतात आणि त्यांना किमान मीटरभर मोकळी माती लागते. कातळातल्या खड्ड्यात ती कुंडीत राहिल्यासारखी अडकतात आणि फेब्रुवारीपासूनच झाड ताणावर येतं.

लावायचंच असेल तर मोडकळीला आलेली काजूची किंवा रबराची बाग, नाहीतर वर्षानुवर्षं वणव्यात जळून नुसतं गवत उरलेली खोल मातीची जमीन घ्या. ठरवण्याआधी एकदा भर पावसात आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये सगळी जमीन चाला. छातीच्या उंचीवर मीटरभरापेक्षा जास्त घेर असलेली स्थानिक झाडं मोजा. एका गुंठ्यात अशी दोन-तीन सापडली तर ती जागा सोडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर जास्तच सांभाळा. राधानगरी, तिलारी, गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड यांना जोडणारा वाघाचा मार्ग इथूनच जातो. या पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली. कोयता लावण्याआधी वनखात्याकडून लेखी खुलासा घ्या.

पक्षी दिसतात म्हणून निश्चिंत होणं

पामची फळं पिकली की साळुंक्या, कावळे, पोपट, बुलबुल येतातच. त्यांची गर्दी पाहून बागेत जैवविविधता आहे असं वाटतं, पण ही माणसाच्या वस्तीतही सहज राहणारी पाखरं आहेत. धनेश, कर्णा, सुतार, जमिनीवर पालापाचोळ्यात चरणारे कस्तुर यांची वेगळी यादी करा. सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान बागेत पाच आणि जवळच्या रानात पाच ठरावीक जागी दहा-दहा मिनिटं उभं राहून नोंद घ्या. वर्षातून तीनदा पुरे. एकूण संख्येपेक्षा दोन्ही ठिकाणच्या यादीत कोणती नावं सारखी आहेत, ते महत्त्वाचं.

व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठापर्यंत लावणी आणि व्हाळातच पंप

दक्षिण कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऑइल पामला दरमहा १५० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. इथे नोव्हेंबरपासून मेपर्यंतची तूट सिंचनाने भरावी लागते. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २०० ते २५० लिटर. नऊ मीटरच्या त्रिकोणी लावणीत हेक्टरी १४३ झाडं बसतात, म्हणजे रोज सुमारे ३० ते ३५ हजार लिटर. एवढं पाणी व्हाळातून उपसलं तर एप्रिलमध्ये कोंडी, म्हणजे व्हाळातले खोल डोह, आटतात. मासे आणि खेकडे त्याच कोंडींत उन्हाळा काढतात आणि पाणमांजर त्यांच्यावर जगतं. पाणी तुटलं तर बागायतदाराचंही नुकसान: ताणावर आलेलं झाड मादीऐवजी नर फुलोरे जास्त काढतं आणि पुढे घड कमी येतात.

क्षेत्र किती लावायचं हे जूनच्या पावसावर ठरवू नका. एप्रिलमध्ये विहिरीला किती पाणी टिकतं ते मोजून ठरवा. पावसात भरणारं शेततळं, प्रत्येक झाडाला ताशी आठ लिटरचे चार ड्रीपर आणि आळ्यात झावळांचं आच्छादन, ही तिन्ही हवीत.

काठावरची मूळ झाडी तोडू नका. मलेशियाच्या साबा राज्यात तीन मीटरपेक्षा रुंद नदीच्या दोन्ही बाजूंना २० मीटर पट्टा राखणं कायद्याने बंधनकारक आहे. रानपक्ष्यांसाठी तोही अपुरा पडतो, ४० मीटर राखता आला तर उत्तम. आपल्याकडचा लहान व्हाळसुद्धा हलका समजू नका. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथलं रानजायफळाचं दलदलीचं रान २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. अशी राई ओलावा कमी झाला की उभ्या उभ्या सुकते, त्यासाठी कुऱ्हाडीची गरज लागत नाही.

बाग ‘स्वच्छ’ ठेवणं

नुसती लाल माती दिसणारी बाग बघायला नीटनेटकी वाटते, पण त्यात कोळी, मुंग्या, गोगलगायी, सरडे, बेडूक कुणालाच थारा नसतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात माती व्हाळात जाते. मोकळं ठेवायचं ते फक्त आळं: पहिल्या वर्षी बुंध्यापासून १ मीटर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्यापासून ३ मीटर. कापणीला जायची वाट तेवढी ठेवा. बाकी गवत-झुडूप वर्षातून दोनदा गुडघ्याएवढं कापा, मुळासकट काढू नका. ग्लायफोसेट हे तणनाशक तर हातात घेऊच नका. ऑक्टोबर २०२२ पासून परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय कुणी ते वापरू शकत नाही. खोडावर उगवलेले नेचे ओरबाडू नका, त्यांत बरेच जीव राहतात.

मोठ्या झाडाच्या वर्षाला वीसेक झावळा उतरतात. त्या जाळू नका. एक ओळ सोडून एका ओळीत पसरा, ढीग मात्र करू नका. कुजणाऱ्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, मग शेजाऱ्याचे माडही जातात. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळा आणि दोन हेक्टरला एक फेरोमोन सापळा लावा.

खताचीही एक सवय मोडायला हवी. तिसऱ्या वर्षापासून झाडाला वर्षाला १,२०० ग्रॅम नत्र, ६०० ग्रॅम स्फुरद आणि १,२०० ग्रॅम पालाश द्यायची शिफारस आहे. नत्र सगळं युरियातून दिलं तर तो २.६ किलो होतो. हे सगळं जूनच्या सुरुवातीला एकदाच टाकलं तर बराचसा वाहून जातो आणि खालच्या कोंडीत शेवाळ माजतं. तीन-चार हप्ते करा, जुलै-ऑगस्ट टाळा.

उंदीर-भुंग्यांवर सरसकट विष

उंदीर पिकली फळं खातात, त्यामुळे ब्रोमॅडिओलोनची आमिषं पसरली जातात. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावतो आणि गव्हाणी घुबडाच्या किंवा वाघाटीच्या तोंडी लागतो, मग तेही मरतात. शिकारी संपले की उंदीर पूर्वीपेक्षा जास्त वाढतात. मलेशियात पाच ते दहा हेक्टरला एक घुबडपेटी लावतात. तीच पेटी इथेही चालते, कारण गव्हाणी घुबड आपलंच आहे. धामण दिसली तर मारू नका.

फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारणं हा आणखी मोठा घोटाळा आहे. ऑइल पामचं परागीभवन मुख्यतः एलिडोबियस कॅमेरुनिकस हा छोटा सोंड्या करतो. तो १९८५ मध्ये भारतात आणला गेला आणि नर फुलोऱ्यावरच वाढतो. तो मेला की घडात पोकळ, न भरलेली फळं दिसतात आणि दोष खताला दिला जातो.

वाटेत बाग आणि बागेला करंट

तिलारी खोऱ्यात २००२ पासून हत्ती येतात. माड, पोफळ, केळ खाणारा हत्ती कोवळ्या पामचा गाभा सोडणार नाही. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर ही लावणी करूच नये. रानडुक्कर आणि साळिंदर पहिली दोन-तीन वर्षं बुंधा पोखरतात. प्रत्येक रोपाभोवती अडीच फूट उंच जाळीचं कडं पुरतं. घरच्या लाइनची वीज तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्यात गवा, बिबट्या, माणूस कुणीही मरतं.

एकाच झाडाचा अखंड पट्टा

सुमात्रातल्या जांबी प्रांतात एका मोठ्या बागेत काही पाम काढून स्थानिक झाडांची ५२ बेटं लावण्यात आली, २५ चौरस मीटरपासून १,६०० चौरस मीटरपर्यंतची. २०२३ साली निष्कर्ष आले: बेटांत जीवसृष्टी वाढली आणि बागेच्या एकूण उत्पन्नाला धक्का लागला नाही. मोठी बेटं जास्त उपयोगी. आपल्याकडे पामला न मानवणारे कोपरे, खडकाळ तुकडे, गडग्याच्या कडा यासाठी राखा आणि उंबर, जांभूळ, बेहडा, सातवीण, रतांबा, सुरंगी मिसळून लावा. तीन वर्षं गुरांपासून जपा. रानाची जागा ही बेटं घेणार नाहीत, पण दोन रानांमधून जाणाऱ्या पाखरांना टेकायला जागा होते.

आणि २५-३० वर्षांनी बाग काढताना सगळी एकदम आडवी करू नका. तीन तुकडे करा, दोन तुकड्यांत किमान दोन पावसाळे जाऊ द्या, व्हाळाकडचा तुकडा शेवटी घ्या. पाडलेली खोडं लहान तुकडे करून पसरा, कारण अखंड पडलेल्या ओल्या खोडात गेंड्या भुंगा माजतो.