सर्वांत भारी ड्रायव्हर कोण? भांडा बिनधास्त, पण या चुका टाळा

फॉर्म्युला वनची रेस असलेल्या रविवारी रात्री आम्ही चौघं गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जमतो. युरोपातली रेस आपल्याकडे बहुतेक वेळा संध्याकाळी ६.३० ला सुरू होते. निकाल लागला, कोण जिंकलं यावर थोडी हुज्जत झाली, की गाडीला किक मारून थेट कट्टा. समोर म्हैस पिळली जात असते, ग्लासात दुधापेक्षा फेस जास्त, आणि आमच्यातला एक जण दर वेळी तेच जाहीर करतो, "सेना म्हंजे सेना. बाकी सगळी चिल्लर."

परवा हे ऐकून शेजारच्या एका काकांनी मान वळवली. "कुठली सेना म्हणायची तुमची?"

आमची सेना म्हणजे ब्राझीलचा आयर्टन सेना. ३ वेळा विश्वविजेता, १ मे १९९४ ला इमोलाच्या ट्रॅकवरच्या अपघातात गेला. हे काकांना समजावेपर्यंत फेस बसला. पण घरी जाताना वाटलं, काकांनी विचारलेलं काही चुकीचं नव्हतं. ‘भारी’ म्हणायचं तर कुठल्या अर्थानं? आकड्यांनी, एका फेरीच्या वेगानं, की पडक्या गाडीतून काय काढलं त्यानं? हे न ठरवताच आम्ही भांडतो. एक जण किलोत बोलतो, दुसरा लिटरमध्ये, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला अक्कल नाही.

कोल्हापुरात असली भांडणं नवी नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीनं खंचनाळे मोठे की आंदळकर यावर तालमीच्या पायरीवर रात्री घालवल्या. श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी, गणपतराव आंदळकर १९६० चे. पण त्या वादात एक सोय होती. पैलवान मातीत उतरतो तेव्हा अंगावर लंगोट सोडून काही नसतं. रेसिंगमध्ये प्रत्येकाच्या बुडाखाली वेगळी गाडी असते आणि निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

चूक पहिली: नुसते विजय मोजणं

लुईस हॅमिल्टनचे २०२४ च्या अखेरीस १०५ विजय. मायकेल शूमाकरचे ९१. अर्जेंटिनाच्या फँजिओचे २४. एवढं वाचून फँजिओला खालच्या बाकावर बसवणारे भरपूर भेटतात. १९५० च्या पहिल्या हंगामात विश्वविजेतेपदासाठी ७ शर्यती होत्या, २०२४ मध्ये २४. फँजिओ उण्यापुऱ्या ५१ शर्यतींत उतरला आणि त्यातल्या २४ जिंकला, म्हणजे जवळजवळ निम्म्या. विश्वविजेतेपदं ५.

मग टक्केवारी काढली की प्रश्न सुटला? तिथंही एक खड्डा आहे. त्या काळी आपली गाडी बिघडली तर चालू शर्यतीत टीममधल्या दुसऱ्याची गाडी घेता यायची. फँजिओच्या २४ पैकी २ विजय असे वाटून घेतलेले आहेत. १९५६ ला मोंझामध्ये तर कमालच झाली. त्याची फेरारी बिघडली, तेव्हा टीममधल्या पीटर कॉलिन्सनं स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत असताना गाडीतून उतरून आपली गाडी त्याला दिली. फँजिओ दुसरा आला आणि विश्वविजेता झाला. आज कुणी असं केलं तर त्याचा मॅनेजर जागेवर चक्कर येऊन पडेल. फँजिओ यानं लहान ठरत नाही. फक्त ते ४७ टक्के आजच्या ४७ टक्क्यांशेजारी ठेवू नका.

एकूण गुणांची बेरीज तर कुणी काढूच नये. १९९१ ते २००९ विजयाला १० गुण होते, २०१० पासून २५ आहेत. विषय संपला.

चूक दुसरी: विजेतेपद म्हणजे देवाचा निकाल समजणं

इथं जरा थांबूया, कारण इथंच मी मित्रांच्या शिव्या सर्वांत जास्त खाल्ल्यात.

१९८८ घ्या. सेना आणि ॲलन प्रॉस्ट दोघंही मॅकलारेनमध्ये, सारखीच गाडी. १६ पैकी १५ शर्यती मॅकलारेननं जिंकल्या, ८ सेनानं आणि ७ प्रॉस्टनं. प्रॉस्ट १४ शर्यती पूर्ण करू शकला. त्यात ७ वेळा पहिला आणि ७ वेळा दुसरा, तिसरा एकदाही नाही. गुण झाले १०५. सेनाचे ९४. आणि विश्वविजेता? सेना.

कारण नियम असा होता की १६ पैकी उत्तम ११ निकालच धरायचे. विजयाला ९ गुण, दुसऱ्या क्रमांकाला ६. प्रॉस्टचे ७ विजय आणि फक्त ४ दुसरे क्रमांक हिशेबात आले, म्हणजे ८७. सेनाचे ८ विजय आणि ३ दुसरे, म्हणजे ९०. प्रॉस्टनं कमावलेले १८ गुण कचऱ्यात गेले. माझा मित्र म्हणतो, नियम दोघांना माहीत होता आणि सेना जिंकण्यासाठीच चालवत होता. बरोबर आहे त्याचं. पण मग "८८ ला सेनानं प्रॉस्टला धुतला" असं म्हणू नये. वही उघडून दाखवली की गप्प बसावं लागतं.

आणि स्टर्लिंग मॉस? १६ विजय आणि विजेतेपद एकही नाही. १९५५ ते १९५८ सलग ४ वर्षं दुसरा. ५८ ला त्यानं ४ शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्ननं १, आणि हॉथॉर्न १ गुणानं विश्वविजेता झाला. त्यातही पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्नला बाद करायचं चाललं होतं, तेव्हा मॉसनं स्वतः जाऊन त्याच्या बाजूनं साक्ष दिली. ते गुण वाचले नसते तर विजेता मॉस असता. "पदक नाही म्हणजे मोठा नाही" म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो. मग तो विषय बदलतो.

चूक तिसरी: गाडीचं श्रेय ड्रायव्हरला, नाहीतर सगळं गाडीलाच

आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीत हा घोळ नाही. जिंकल्यावर गावभर नाव होतं ते बैलांचं. गुलाल आधी त्यांच्यावर, फ्लेक्सवर फोटो मोठा त्यांचा, गाडीवान त्यानंतर. फॉर्म्युला वनमध्ये नेमकं उलटं. चेहरा ड्रायव्हरचा, बैल कुणी पाळला ते कुणी विचारत नाही.

हे मला कळलं ते एका कार्टिंग ट्रॅकवर. मी आणि माझा मावसभाऊ १०-१० फेऱ्या मारून आलो. भाड्याची कार्ट, डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला ॲक्सिलरेटर, हेल्मेटमध्ये आधीच्या माणसाच्या घामाचा वास. कागदावर माझी वेळ त्याच्यापेक्षा २ सेकंदांनी जास्त. पार्किंगमध्ये त्यानं माझी जी काही इज्जत काढली ती इथं लिहिण्यासारखी नाही. मी म्हटलं, माझ्या ७ नंबरच्या कार्टचं इंजिन वळणातून बाहेर येताना दम सोडतंय. तो हसला. मग आम्ही पुन्हा पैसे भरले आणि कार्टची अदलाबदल केली. ७ नंबरमध्ये बसल्यावर तो माझ्यापेक्षा दीड सेकंदानं मागं. हिशेब केला तर कार्टमधला फरक पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि आमच्या दोघांतला फक्त पाव सेकंद. तो पाव सेकंद त्याच्या बाजूचा होता, हे मी मोठ्या मनानं मान्य करतो.

फॉर्म्युला वनमध्ये अशी अदलाबदल करायला मिळत नाही. म्हणून जवळचा उपाय म्हणजे टीममधला दुसरा ड्रायव्हर बघायचा. २०२३ ला रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. गाडी राक्षस होती हे कबूल. पण त्या गाडीत मॅक्स व्हर्स्टापेननं ५७५ गुण आणि १९ विजय मिळवले, तर सर्जिओ पेरेझनं २८५ गुण आणि २ विजय. "गाडी चालवत होती, मॅक्स फक्त बसला होता" म्हणणाऱ्याला विचारा, मग पेरेझ कशावर बसला होता?

मात्र हे औषधही सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. २०१० ते २०१२ ही ३ वर्षं हॅमिल्टन आणि जेन्सन बटन मॅकलारेनमध्ये एकत्र होते. बटनचे एकूण गुण ६७२, हॅमिल्टनचे ६५७. म्हणून बटन मोठा? विजय मोजले तर हॅमिल्टनचे १०, बटनचे ८. शिवाय २०१२ ला सिंगापूर आणि अबू धाबीत हॅमिल्टन आघाडीवर असताना गाडीनं मान टाकली. तसंच सेबॅस्टियन व्हेटेलचं. २०१० ते २०१३ सलग ४ विजेतेपदं, नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या तिन्ही शर्यती त्याच्याच. २०१४ ला नियम बदलले, गाडीचा मागचा भाग त्याला हवा तसा चिकटून राहीना आणि त्याच्याच टीममध्ये नवा आलेला डॅनियल रिकार्डो ३ शर्यती जिंकून गेला, व्हेटेल एकही नाही. एकाच वर्षाचा कागद नाचवून माणसाची किंमत करू नका. ३-४ वर्षं तरी बघा आणि कुणाची गाडी किती वेळा बंद पडली तेही धरा.

चूक चौथी: गेलेल्या माणसाची उतरण आपण पाहिलेलीच नसते

हे बोललं की लोकांना राग येतो. जिम क्लार्क १९६८ ला हॉकेनहाइममध्ये गेला, तेव्हा ७२ शर्यतींत त्याचे २५ विजय होते आणि तो ऐन भरात होता. सेना ३४ व्या वर्षी गेला. दोघांनाही म्हातारं होऊन मागं पडताना कुणी पाहिलं नाही. शूमाकर मात्र २०१० ला परत आला, ३ वर्षांत एकदाच पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, उभा राहिला आणि त्याच्या खात्यावर ते कायमचं लिहिलं गेलं. तुलना करायची तर दोघांचीही उत्तम ५ वर्षं घ्या. नाहीतर एकाचा लग्नातला फोटो आणि दुसऱ्याचा आधार कार्डावरचा, असं होतं.

चूक पाचवी: आपल्या माणसाचा गुन्हा म्हणजे जिद्द, दुसऱ्याचा म्हणजे चीटिंग

१९९७ ला हेरेझमध्ये शूमाकरनं जॅक व्हिलन्यूव्हला गाडी घातली. स्वतःच वाळूत अडकला आणि त्या हंगामातलं त्याचं दुसरं स्थानही काढून घेतलं. १९९० ला सुझुकात सेनानं पहिल्याच वळणावर प्रॉस्टला उडवलं आणि पुढच्या वर्षी ते मुद्दाम केल्याचं कबूलही केलं. आमचा मित्र पहिल्याला गुंड म्हणतो आणि दुसऱ्याला योद्धा. चारित्र्य मोजायचं असेल तर दोघांचं मोजा, नसेल तर दोघांचं सोडा. अबू धाबी २०२१ चा, म्हणजे शेवटच्या फेरीत हॅमिल्टनच्या हातून विजेतेपद व्हर्स्टापेनकडे गेलं त्या वादग्रस्त शर्यतीचा विषय निघाला, की मी ग्लास परत देऊन गाडीची चावी शोधतो.

दोन किरकोळ चुका

फॉर्म्युला वन म्हणजेच सगळं रेसिंग नव्हे. सेबॅस्टियन लोएब सलग ९ वेळा रॅलीचा विश्वविजेता झाला, टॉम क्रिस्टेन्सन ९ वेळा ले मांची २४ तासांची शर्यत जिंकला. महाराष्ट्र केसरीत मातीचा विजेता आणि गादीचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. इथं ती सोय नाही, त्यामुळे "सर्वांत भारी" म्हणण्याआधी "फॉर्म्युला वनमधला" एवढं तरी जोडा.

दुसरी चूक आपल्या अभिमानाची. २००५ ला इंडियानापोलिसमध्ये नारायण कार्तिकेयन चौथा आला, हे खरं. टायरच्या भानगडीमुळे मिशेलिनच्या सगळ्या टीम बाहेर पडल्या आणि शर्यतीत ६ च गाड्या धावल्या, हेही खरं. तो चौथा क्रमांक पुरावा म्हणून फेकू नका आणि टिंगलही करू नका. २००५ ला भारतातून तिथवर पोहोचणं हीच खरी गोष्ट आहे. आपला कृष्णराज महाडिक कोल्हापुरातून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, त्यामुळे त्या वाटेला किती काटे असतात हे इथल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

आता माझं मत, दगड तयार ठेवा

माझं माप असं: गाडी एक नंबरची नसताना काय केलं? १९८६ ला विल्यम्स सरळसरळ वेगवान होती. तिचे दोन ड्रायव्हर मॅन्सेल आणि पिके एकमेकांचे गुण खात बसले आणि प्रॉस्ट मॅकलारेन घेऊन चिकटून राहिला. ॲडलेडच्या शेवटच्या शर्यतीत मॅन्सेलचा टायर फुटला, पिकेला धास्तीनं टायर बदलायला आत बोलावलं आणि प्रॉस्ट विजेता झाला. या मापानं माझा पहिला प्रॉस्ट, दुसरा क्लार्क. तिसरा फर्नांडो अलोन्सो, २०१२ ला सुमार फेरारी घेऊन ३ गुणांनी हुकला त्यासाठी.

मित्रानं ग्लास खाली ठेवला. "आणि मोनॅको ८४? पावसात सेना साध्या टोलमनमध्ये मागून येत होता, तुझा प्रॉस्ट हात हलवून रेस थांबवायला सांगत होता."

मी म्हटलं, भावा, ती थांबवली म्हणूनच प्रॉस्टचं नुकसान झालं. अर्ध्यावर थांबली म्हणून ९ ऐवजी साडेचार गुण मिळाले आणि विजेतेपद त्याच्याच टीममधल्या निकी लाउडाकडे गेलं, ते अर्ध्या गुणानं. पूर्ण होऊन दुसरा आला असता तर ६ मिळाले असते.

"म्हंजे पावसात सेना पुढं गेला असता, हे तूच कबूल केलंस."

"गेला असता. पण त्याच्या मागून बेलोफ येत होता, त्याच्याहूनही वेगात."

"कोण बेलोफ?"

काकांनी दुसरा ग्लास सांगितला आणि ते आमच्याकडे जरा सरकून उभे राहिले.