नाशिक परिसरातील स्थानिक मासे घरच्या टाकीसाठी कसे गोळा करावेत

घरच्या काचेच्या टाकीत दुकानातल्या गोल्डफिशऐवजी आपल्याच ओढ्यातले मासे ठेवावेत, ही कल्पना नाशिककरांच्या दृष्टीने व्यवहारालाही धरून आहे. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या विकतच्या माशांसाठी टाकीत हीटर लावावा लागतो. येथील ओढ्यांत वाढलेल्या टिक्टो बार्ब किंवा रासबोरा या लहान माशांना हा गारठा नवा नसतो. मात्र मासा पकडणे हा या छंदाचा सर्वांत छोटा भाग आहे. मासे कोठून घ्यावेत आणि कोठून मुळीच घेऊ नयेत हे आधी कळायला हवे, आणि ते ठेवण्याची सोय जाळी हातात घेण्यापूर्वी तयार असायला हवी.

म्हणून सुरुवात टाकीपासून करावी. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत वाळू व दगड धरून साधारण शंभर लिटर पाणी मावते, आणि दोन इंचांच्या दहा-बारा माशांना ते पुरते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर व वाळूवर स्थिरावायला तीन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास मासे आणायचे असतील, तर गणपतीतच टाकी भरून, फिल्टर सुरू करून, रोज चिमूटभर खाद्य टाकून ती चालू ठेवावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावे किंवा त्यात दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध टाकावे. वरचे झाकण घट्ट बसणारे हवे, कारण रासबोरा आणि डॅनिओ बोटभर फटीतूनही उडी मारून बाहेर पडतात आणि सकाळी ते टाकीच्या मागे वाळलेले सापडतात.

आता जागा. पहिली वर्ज्य जागा म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. हे अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील ते पहिले क्षेत्र आहे, आणि तेथे मासे पकडणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. वनक्षेत्रातले ओढे, अंजनेरीचा राखीव परिसर आणि देवळाली कॅम्पच्या बाजूची लष्करी हद्द यांनाही परवानगीशिवाय हात लावू नये. गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे ठेके असतात आणि त्यात सोडलेले रोहू, कटला, मृगळ यांचे बोटुकली हे ठेकेदाराचे किंवा मच्छीमार सहकारी संस्थेचे उत्पन्न असते. तेथे संस्थेच्या माणसांना विचारल्याशिवाय जाळी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे होय. देवस्थानांच्या कुंडांत आणि घाटांवर भाविक ज्यांना कणकेच्या गोळ्या घालतात, ते मासे तर कोणी सांगण्याची वाट न पाहता सोडून द्यावेत. शहरातून वाहणारी गोदावरी आणि नासर्डी यांचा विचार आरोग्याच्या कारणानेच करू नये, कारण सांडपाण्यात वाढलेला मासा सोबत परोपजीवी जंतू घेऊन येतो.

या सर्व जागा वगळल्या, तर उरते काय? बरेच काही उरते आणि तेच योग्य असते. पावसाळ्यात ओढ्यातून वर चढलेले मासे इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील भातखाचरांत शिरतात. तेथेच त्यांची पिल्ले वाढतात, आणि ऑक्टोबरमध्ये कापणीआधी खाचरातले पाणी काढले की उरलेल्या डबक्यांत अडकून मरतात किंवा बगळ्यांच्या पोटात जातात. कालव्यांच्या चाऱ्यांचेही तसेच आहे. सिंचनाचे आवर्तन बंद झाले की चारीच्या खोलगट भागात चार-आठ दिवस पाणी साचून राहते आणि त्यात शेकडो बारीक मासे कोंडले जातात. अशा पाण्यातले मासे पुढचा हंगाम पाहणारच नसतात, त्यामुळे त्यातले दहा-बारा उचलल्याने ओढ्याचे काही बिघडत नाही.

याउलट उन्हाळ्यात आटलेल्या नदीतला डोह दिसायला असाच असतो. अनेकांना तेथून मासे नेणे म्हणजे त्यांना वाचवणे वाटते, पण तो डोहच त्या नदीचे बियाणे असतो. एप्रिल-मेमध्ये ओढ्याचा बाकी भाग कोरडा पडलेला असताना त्या एका डोहात जे मोठे मासे टिकून राहतात, तेच जूनच्या पहिल्या पुरात वर चढून अंडी घालतात. त्यामुळे मे महिन्यातल्या डोहाला आणि जून-जुलैमधल्या चढणीच्या माशांना हात लावू नये. पावसाळ्यात नदीपात्रात न उतरण्याचे आणखी एक साधे कारण आहे. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की पाणी किती वेगाने चढते, हे गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पूर मोजणाऱ्या नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

ऑक्टोबरची निवड करताना एक अडचण लक्षात घ्यावी लागते. द्राक्षबागांची छाटणी याच सुमारास होते आणि त्यानंतर बागांवर औषधांच्या फवारण्या सुरू होतात. दिंडोरी व निफाड पट्ट्यात बागेच्या कडेने गेलेल्या चारीतले पाणी म्हणूनच टाळावे. शक्यतो पश्चिमेकडचा भाताचा भाग निवडावा आणि तेथेही शेतकऱ्याला विचारून, गेल्या काही दिवसांत काय फवारले आहे याची चौकशी करूनच बांधावर पाय ठेवावा. पाण्यात बेडकाची पिल्ले व पाणकिडे हालचाल करताना दिसत असतील, तर ती चांगली खूण समजावी.

साहित्य फारसे लागत नाही. मच्छरदाणीच्या कापडाची, तोंडाला जाड तारेचे कडे असलेली हातजाळी ही बाजारच्या दोरीच्या जाळीपेक्षा बरी, कारण गाठींमुळे माशाचे खवले निघतात आणि त्या जागी पुढे बुरशी धरते. झाकणाची दहा लिटरची पांढरी बादली, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, गमबूट आणि एक छोटी सपाट काचेची डबी एवढे जवळ असावे. डबीत मासा बाजूने पाहता येतो आणि त्याचे छायाचित्र घेता येते. ओळख पटवण्यासाठी वरून पाहिलेला मासा जवळजवळ निरुपयोगी असतो. पाणी विषारी करून किंवा स्फोटके वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. ब्लिचिंग पावडर टाकणे किंवा विजेचा शॉक देणे हे प्रकार काही ठिकाणी अजूनही चालतात, ते कोणी करत असेल तर तेथून काहीही घेऊ नये.

खाचरात पाणी ढवळू नये. बांधाला पाणी काढण्यासाठी पाडलेल्या तोंडाशी जाळी स्थिर धरावी आणि दुसऱ्या टोकाकडून सावकाश चालत यावे, म्हणजे मासे आपोआप त्या दिशेने सरकतात. जाळी पाण्याबाहेर झटक्याने न उचलता बादलीच्या पाण्यात बुडवून उलटावी. हात ओला करूनच मासा धरावा, कारण कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो.

मळ्या हा दगडांना चिकटून राहणारा मासा हवा असेल तर तो बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्यात, दगडाला पोटाशी धरून बसलेला सापडतो आणि तो पकडण्याची रीत वेगळी आहे. जाळी दगडाच्या खालच्या अंगाला, प्रवाह तिच्यात शिरेल अशी तळाला टेकवून धरावी आणि दगड वरच्या अंगाने किंचित उचलावा. मळ्या सुटतो तो प्रवाहाबरोबर थेट जाळीत येतो. त्यानंतर तो दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला पाणकिड्यांच्या अळ्या आणि कधीकधी अंडी चिकटलेली असतात, आणि उलटा पडलेला दगड म्हणजे त्यांचे मरण होय.

येथे दारणा नदीविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. १९३५ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी देवळालीजवळच्या दारणेतून फ्रेझरचा डॅनिओ हा मासा शास्त्राला नव्याने सांगितला आणि १९३८ साली होरा व मिश्रा यांनी याच नदीतून पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी ही लहानशी, दगडांवर राहणारी जात नोंदवली. ही दुसरी जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे आणि वरवर पाहता ती मळ्यासारखीच दिसते. बादलीत वरून पाहून या दोघांत फरक करणे नवख्याला शक्य नाही. म्हणून दारणेच्या पात्रातून आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांतून दगडाला चिकटणारा कोणताही मासा घेऊ नये. इतरत्रही नियम एकच ठेवावा, की ज्याचे नाव आपल्याला सांगता येत नाही तो मासा छायाचित्र काढून तेथल्या तेथे सोडावा.

घेण्याजोग्या माशांची ओळख मात्र अवघड नाही. टिक्टो बार्बच्या अंगावर दोन काळे ठिपके असतात, एक कल्ल्यांच्या मागे लहान आणि दुसरा शेपटीच्या अलीकडे मोठा. रंगात आलेल्या नराच्या अंगावर तांबूस झाक येते. रासबोराच्या तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ सरळ जाते. काचेसारखे पारदर्शक चंदा मासे साचलेल्या पाण्यात मिळतात आणि त्यांचा काटा व पोटातला चकचकीत भाग बाहेरून दिसतो. सर्वांत मोठा मोह होतो तो मरळीच्या पिल्लांचा. नारिंगी-तांबड्या पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर एकत्र फिरतो आणि खाली त्यांचे आईबाप पहारा देत असतात. ही पिल्ले मोठी झाली की टाकीतल्या प्रत्येक लहान माशाला गिळतात आणि दोन-तीन फुटांपर्यंत वाढू शकतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये. शिंगटीच्या पंखांतले काटे हाताला आणि पिशवीला दोन्हींना भोक पाडतात, त्यामुळे तीही सुरुवातीला नकोच. चिलापी आणि गंबुसिया हे बाहेरून आणलेले मासे जाळीत हमखास येतात. ते स्थानिक नव्हेत.

एका वेळी एका जातीचे सहा-आठ मासे पुरेत. टिक्टो आणि रासबोरा थव्याने राहणारे असल्याने एकेकटा मासा आणणे हे अनेक आणण्यापेक्षा वाईट असते, पण त्याचा अर्थ बादली भरून आणावी असा नाही. दहा लिटरच्या बादलीत दोन इंचांचे आठ-दहा मासे, त्याच जागेचे पाणी, पंप चालू आणि बादली सावलीत, हे प्रमाण घरी पोहोचेपर्यंत टिकते. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, म्हणून सकाळी अकराच्या आत परत निघावे आणि गाडीच्या डिकीत बादली कोंडू नये.

घरी आल्यावर मासे थेट मुख्य टाकीत सोडण्याची घाई करू नये. वेगळ्या साध्या टबात तीन ते चार आठवडे ठेवावे. टबाचे पाणी बादलीत थोडे थोडे मिसळत अर्ध्या-पाऊण तासात बदल घडवावा आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत. ओढ्याचे पाणी टबात ओतू नये. या काळात रोज बाजूने निरखून पाहावे. अंगाला दोऱ्यासारखी काडी लटकत असेल, तर तो लर्निया नावाचा परोपजीवी असतो. चपटा, सरकणारा पारदर्शक ठिपका दिसला तर तो अर्गुलस, आणि मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. लिटरमागे एक-दोन ग्रॅम साधे, आयोडीन नसलेले मीठ बहुतेकांना मानवते, पण खवले नसलेल्या किंवा बारीक खवल्यांच्या, तळाशी राहणाऱ्या लोचसारख्या माशांना मीठ व औषधे दोन्ही कमी प्रमाणातच द्यावीत.

खाणे ही पहिल्या आठवड्यातली खरी परीक्षा असते. ओढ्यातल्या माशाला दुकानातल्या दाण्यांचे खाद्य हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. सुरुवातीला गोठवलेल्या रक्तअळ्या (लाल पाणअळ्या) किंवा डॅफ्निया (बारीक पाणपिसवा) द्यावे, त्यात हळूहळू भरडलेले दाणे मिसळावेत आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. डासांच्या अळ्या माशांना आवडतात, पण त्या वाढवण्यासाठी घरात पाणी उघडे ठेवणे डेंग्यूच्या दिवसांत योग्य नव्हे. मळ्या मात्र दाण्यांवर जगत नाही, तो शेवाळ खरवडून खातो. त्यासाठी पाच-सहा गुळगुळीत काळे गोटे गच्चीवर उन्हात पाण्याच्या टबात ठेवून, तोंडाला बारीक जाळी बांधून हिरवे होऊ द्यावेत आणि दर आठवड्याला त्यातले दोन टाकीत ठेवून टाकीतले खरवडलेले दोन परत गच्चीवर न्यावेत.

दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे आणि काढलेले पाणी झाडांना घालावे. पुढे मासे ठेवणे जमले नाही, तर ते दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, पण जेथून आणले तेथेही परत सोडू नयेत, कारण टाकीत लागलेला रोग त्यांच्याबरोबर ओढ्यात जातो.