ठिबकचा भाव विचारून गप्प झालेल्या शेतकऱ्याचा फोन परत यावा म्हणून

फोन लावला, उचलला नाही, मग व्हॉट्सअॅपवर आवाजी मेसेज टाकला. मराठवाड्यातल्या ठिबकच्या दुकानांत हे रोज घडतं आणि बहुतेक मेसेजना उत्तर येत नाही. कारण बहुतेक मेसेज आपल्या मालाबद्दल असतात. शेतकरी फोन करतो तो त्याच्या वावराबद्दल बोलायला.

म्हणून आधी वही उघडा. त्याने कोणत्या पिकासाठी विचारलं, दोन सऱ्यांत अंतर किती, पाणी विहिरीचं की बोअरचं, हे पाहिल्याशिवाय माइक दाबू नका. मेसेज ३० सेकंदांच्या आत बसवा. साधारण असा:

"राम राम काका, परभणीच्या मोंढ्यातल्या ठिबकच्या दुकानातून बोलतोय. सोमवारी तुम्ही पाच फुटी कापसाचं विचारलं होतं. एकराला नळी २,६५० मीटरच्या आसपास बसते. विहिरीपासून वावरापर्यंत वीस फुटी पाइप किती लागतात, तेवढं सांगा, म्हणजे मेन लाइनचा खर्च काढून देतो. साडेआठपर्यंत दुकानातच आहे. मिस कॉल दिला तरी मीच लावतो."

यात एक आकडा त्याच्या कामाचा आहे, आणि तो खरा आहे: एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याला सऱ्यांमधल्या पाच फुटांनी भागलं की ८,७१२ फूट नळी. चार फुटी असेल तर हीच नळी ३,३०० मीटरच्या वर जाते. प्रश्न मात्र एकच, आणि तोही ज्याचं उत्तर फक्त त्याच्याकडेच आहे. विहिरीपासूनचं अंतर फुटांत विचारलं तर माणूस अडतो, "मोजून सांगतो" म्हणतो आणि राहून जातं. पाइप किती लागतात हे त्याला तोंडपाठ असतं, कारण दरवर्षी तोच ते खांद्यावर वाहतो. पूर्ण कोटेशन मेसेजमध्येच देऊन टाकलं तर फोन करायला कारणच उरत नाही. तो आकडा घेऊन शेतकरी थेट शेजारच्या दुकानात भाव करायला जातो.

रेकॉर्ड करताना मोंढ्यातल्या टेम्पोंच्या आवाजात उभं राहू नका. गाडीत बसून काचा वर करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. पाठवण्याआधी एकदा ऐका. खाली दोन ओळी टाइप करा: दुकानाचं नाव, नंबर. निर्णय बहुधा वडील किंवा थोरला भाऊ घेतो, आणि मेसेज पुढे गेला की नंबर मागे राहतो.

वेळ पाळा. शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत मोटारीवर असतो, सकाळी ९ ला त्याला उठवू नका. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ बरं. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत उत्तर उशिराच येणार, ते नकार समजू नका.

माइकचं चिन्ह निळं झालं म्हणजे मेसेज ऐकला. वाचल्याच्या निळ्या खुणा बंद ठेवलेल्यांचंही हे दिसतं. ऐकून तीन दिवस गप्प असेल तर दुसरा मेसेज टाका, पण त्यात नवं काही हवं: विहिरीच्या पाण्याला कोणता फिल्टर लागेल, अनुदानाला कागदपत्रं कोणती लागतील. "परवा मेसेज टाकला होता" एवढंच म्हणणं म्हणजे तगादा. आठवड्याने तिसरा, मग थांबा. ऐकलेलाच नसेल तर वेगळ्या वेळी साधा फोन करा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम टाकण्याचा, उपयोग नाही, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही.

"तुमचं अनुदान मंजूर झालंय, लगेच फोन करा" असं खोटं कधीही बोलू नका. पीएम किसानच्या नावाने आलेल्या बनावट एपीके फायलींनी (मोबाइलवर अॅप बसवणाऱ्या फायली) लोकांचे पैसे गेले आहेत, लोक सावध आहेत. लिंक किंवा अनोळखी फाइलही पाठवू नका. ज्याने विचारणाच केली नव्हती त्याच्या मागे फोन करकरून लागलात तर तो १९०९ वर (नको असलेल्या जाहिरातींच्या फोनची तक्रार घेणारा नंबर) तक्रार करू शकतो, आणि नंबर बंद होण्यापर्यंत ते जाऊ शकतं.

आणि फोन आला की गल्ल्यावरच्या पोराने "कोण पायजे?" विचारलं तर सगळं वाया. वही फोनजवळच ठेवा: नाव, गाव, पीक, अंतर, विचारलेला प्रश्न. जो कोणी फोन उचलेल त्याने पहिल्याच वाक्यात म्हणावं, "हां काका, पाच फुटी कापूस ना? पाइप किती लागतात?"