नवीन पीसी घेतलाय? फॉरमॅट मारायच्या आधी फाईल सिस्टमचं बघा

आमचा एक दोस्त राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. परवा रात्री त्याचा फोन, पेनड्राइव्ह डुप्लिकेट निघाला म्हणून. 32 जीबीचा पेनड्राइव्ह, सगळा मोकळा, व्हिडिओ 6 जीबीचा, तरी विंडोज म्हणतंय फाईल लई मोठी आहे. पेनड्राइव्ह चांगलाच होता ओ, फक्त फॅट32 नावाच्या फाईल सिस्टममध्ये होता (फाईल सिस्टम म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत), आणि फॅट32 ला एक फाईल 4 जीबीच्या वर चालतच नाही, जागा कितीही असू दे.

तर नवीन मशीन लावताना पहिलं हे ठरवा की ती डिस्क कुठं कुठं वाचली जाणार. बेस्ट फाईल सिस्टम कुठली हा प्रश्नच चुकीचा आहे.

फक्त विंडोज टाकणार असाल तर डोकं लावू नका, सी ड्राइव्हला एनटीएफएसच लागतं आणि इन्स्टॉलर ते आपोआप करतो. डिस्क 2 टीबीपेक्षा मोठी असेल तर पार्टिशन स्टाईल, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, तेवढी जीपीटी आहे का बघा, जुन्या एमबीआरमध्ये 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

लिनक्स टाकताय तर मॅन्युअल पार्टिशनमध्ये जावा, रूटला म्हणजे लिनक्स जिथं बसतं त्या नुसत्या स्लॅशला (/) एक्स्ट4 निवडा. 2008 पासून स्टेबल आहे, कुरकुर करत नाही. तिथंच ईएफआय नावाचं बारकं फॅट32 पार्टिशन दिसेल, त्याला हात लावू नका, मशीन त्यावरनंच बूट होतं. बीटीआरएफएस पण चांगलंय, फेडोरा नावाच्या लिनक्सच्या डेस्कटॉपला 2020 पासून तेच येतं, अपडेटनं काही बिघडलं तर आधी काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटवरनं (म्हणजे त्या वेळच्या स्थितीची नोंद) मागं जाता येतं, पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं.

आता लाईटचं. आपल्याकडं वळीव आला की लाईट गेलीच म्हणून समजा, तेव्हा जर्नलिंग कामाला येतं. दुकानदार कसा आधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि मग खातेवहीत उतरवतो, तसं फाईल सिस्टम काय बदलणार ते आधी टिपून घेते, त्यामुळं मध्येच लाईट गेली तरी चालू झाल्यावर हिशोब जुळवता येतो. एनटीएफएस आणि एक्स्ट4 मध्ये हे आहे, फॅट32 आणि एक्सफॅटमध्ये नाही. अर्थात त्या क्षणी सेव्ह होत असलेली फाईल जाऊ शकते, त्याला यूपीएसच पाहिजे.

विंडोज-लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर सामाईक डेटासाठी वेगळं एनटीएफएस पार्टिशन करा. आणि इथं सगळे फसतात, मी पण एक अख्खा रविवार घालवलाय, लिनक्समध्ये त्या ड्राइव्हवर काही सेव्हच होईना. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप, शटडाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. टिक फिकट दिसत असेल तर वरची 'चेंज सेटिंग्ज' वाली निळी ओळ आधी दाबा.

बाहेरचा हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह मॅकला पण लावायचा असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फक्त इजेक्ट केल्याशिवाय उपसू नका.

करायचं कसं, तर ड्राइव्हवर राईट क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टम निवडा, अलोकेशन युनिट डीफॉल्टच ठेवा, क्विक फॉरमॅटची टिक ठेवा, स्टार्ट. पण स्टार्ट दाबायच्या आधी ड्राइव्हचं नाव दोनदा वाचा, आतलं सगळं जाणार आहे.

दोस्ताचा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून दिला, व्हिडिओ बसला. आता म्हणतोय गिऱ्हाइकाच्या जुन्या टीव्हीवर तो दिसंना, म्हणजे परत फॅट32 करून व्हिडिओचे 2 तुकडे पाडायचे.