काम दाखवा, पण गिऱ्हाइकाचा पार्ट दाखवू नका

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात रुजू झालो, तेव्हा माझे लिंक्डइनवरील खाते नावापुरतेच होते. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत दहावी, बेळगावात इंग्रजीतून डिप्लोमा आणि शॉपफ्लोअरवर दिवसभर कन्नड व हिंदी अशा वाटेने आलेल्या मुलाला स्वतःविषयी इंग्रजीत चार ओळी लिहिणे किती जड जाते, हे मी आजही विसरलेलो नाही. त्या अडचणीपोटी मी बंगळुरूच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातील लोकांची वाक्ये उचलली आणि ‘उत्साही, मेहनती, नव्या संधीच्या शोधात’ असा मथळा लावला. तो वाचून मी वाळूत काम करतो की संगणकावर, हे कोणालाही कळले नसते.

नावाखालील मथळ्याला २२० अक्षरांची मर्यादा असते. त्यात हुद्दा, प्रक्रिया आणि धातू एवढे आले तरी पुरेसे आहे. ‘गुणवत्ता अभियंता, ग्रीन सँड मोल्डिंग, एस. जी. आयर्न’ हे शब्द (मधला ओलसर वाळूच्या साच्यांविषयी, शेवटचा ओतीव लोखंडाच्या एका प्रकाराविषयी) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, खरेदी करणारा माणूस खरोखर शोधतो. शहराचे नाव मात्र इंग्रजीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही स्पेलिंगने लिहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले असले, तरी अनेकांच्या प्रमाणपत्रांवर आणि बाहेरच्या लोकांच्या सवयीत जुनेच नाव आहे. नावाविषयीचे मत ज्याचे त्याने जपावे. येथे प्रश्न केवळ शोधात सापडण्याचा आहे.

आता ज्या चुकीने माझे एक वर्ष खाल्ले, तिच्याविषयी सविस्तर लिहितो. ‘स्वतःचे काम लोकांना दाखवा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो खराही आहे, परंतु तो देणाऱ्यांचे काम बहुधा त्यांचे स्वतःचे असते. आपल्या भागातील बहुतेक कारखाने दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतात. ब्लोहोलचे, म्हणजे वायू अडकून कास्टिंगमध्ये राहणाऱ्या पोकळ्यांचे, प्रमाण आम्ही कसे कमी केले, हे अभिमानाने सांगण्यासाठी मी मधोमध कापलेल्या एका कास्टिंगचा फोटो टाकला. त्या कास्टिंगवर पार्ट नंबर आणि गिऱ्हाइकाची खूण उठावदार अक्षरांत होती आणि मागच्या फळ्यावर त्या आठवड्याच्या रिजेक्शनचे आकडे स्पष्ट दिसत होते. माझ्या ओळखीच्या एकाने पोस्टला पसंती दिली, त्यामुळे ती त्याच्या ओळखीच्यांना दिसली, आणि त्यांच्यात त्या गिऱ्हाइकाच्याच पुरवठा विभागातील एक अधिकारी होते. मला सुधारणा दाखवायची होती. त्यांना मात्र आपला सदोष पार्ट आणि पुरवठादाराचे नाव जगासमोर मांडलेले दिसले. संध्याकाळपर्यंत मी पोस्ट काढली, पण तोवर तिचे स्क्रीनशॉट फिरले होते. कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागला आणि पुढील वर्षभर गिऱ्हाइकाच्या ऑडिटला मला बसू दिले नाही. नोकरी टिकली, परंतु नेमकी जी ओळख मिळवायला निघालो होतो, तीच गमावली.

म्हणून फोटो टाकण्यापूर्वी पार्ट नंबर, हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक), उठावदार खूण, टेबलावरचे ड्रॉइंग, भिंतीवरचा फळा आणि मागे उभा असलेला डाय किंवा पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) हे सर्व तपासा. नंबर पुसला म्हणून भागत नाही, कारण जाणकार माणूस पार्ट आकारावरून ओळखतो. रुजू होताना सही केलेला गोपनीयतेचा करार पुन्हा वाचा. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विमानांचे भाग बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रात) किंवा संरक्षण खात्याच्या कामावर असाल, तर फोटोचा विचारही करू नका; मोबाइल आत नेण्याची परवानगी आहे का, हा प्रश्न त्याच्याही आधी येतो.

यावरून कोणी खाते बंद करून बसू नये. मी भीतीने तीन महिने काहीच लिहिले नाही आणि ते महिने वाया गेले. नंतर वाट सापडली: पार्ट गिऱ्हाइकाचा असतो, पण त्याच्यामागची विचारपद्धती, जिला धातुकामाची पाठ्यपुस्तकेही ओळखतात, ती आपण मांडू शकतो. जुलैत आपल्याकडे पावसाची झड लागली की उघड्यावर पडलेली नवी वाळू ओली येते, साच्यातील ओलावा तीन-चार टक्क्यांच्या पुढे सरकतो, ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर पोकळी आतच राहते. एवढेच मी साध्या कागदावर हाताने आकृती काढून लिहिले. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावमधील फौंड्रीवाल्यांनी त्यावर आपले अनुभव सांगितले, आणि त्या चर्चेतून मला माझ्या क्षेत्रातील पहिली खरी ओळख मिळाली.

ओळखीच्या माणसांविषयी एक जुना अभ्यास माझ्या अनुभवाशी जुळतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी केवळ अधूनमधून भेट होत होती. वारंवार भेटणाऱ्यांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते. मला दुसऱ्या नोकरीची माहिती दिली ती डिप्लोमाला दोन वर्षे पुढे असलेल्या एका दादाने, ज्याच्याशी सहा वर्षे बोलणे नव्हते. अशा माणसांना पहिल्याच निरोपात बायोडेटा पाठवू नका. आधी त्यांच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारा.

तीस दिवसांत ‘ब्रँड’ घडवून देणारे वर्ग आणि एकमेकांच्या पोस्टना ठरवून पसंती देणारे गट यांच्यावर पैसा किंवा वेळ घालवू नका, असे माझे ठाम मत आहे, कारण तेथून येणारी पसंती फौंड्री न पाहिलेल्या लोकांची असते. मार्गदर्शकही फार लांब शोधू नये. माझे मार्गदर्शक मेल्टिंग विभागाचे पर्यवेक्षक होते; ते मूठभर वाळू दाबून, मोडून ओलावा सांगत आणि प्रयोगशाळेचा आकडा क्वचितच वेगळा येई.

अशा माणसाकडून लेखी शिफारस मागायची असेल, तर सोबत काम करीत असतानाच मागा. शिफारस देणाऱ्याचे स्वतःचे खाते आणि आपल्याशी थेट जोडणी असावी लागते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून खाते उघडून द्या आणि ते मराठीत किंवा कन्नडमध्ये जे सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मी ते उद्यावर ढकलत राहिलो. ते निवृत्त होऊन गावी गेले, आणि माझ्या खात्यावर आज पाच शिफारशी असूनही त्यांची एकही नाही.